टेबलावरची रिकामी जागा: शाळेच्या ग्रंथालयातल्या मांडणीच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. एप्रिलच्या पडताळणीत जे निघालं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे वर्षभर कशासाठी धडपडले हे मला विसरायला होणार नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी पूर्ण कोरी असलेली सहाशेच्या वर पुस्तकं आपल्याकडे आहेत. दाखल झाली, शिक्का बसला, क्रमांक पडला, कपाटात गेली आणि तिथेच राहिली. त्यातलं सगळ्यात जुनं १९८७ सालचं. विहिरी आणि मोटेबद्दलचं चौसष्ट पानी, पिवळ्या कव्हरचं. माझ्या आधी दोन ग्रंथपाल होऊन गेल्या. ते त्यांनाही पुरून उरलंय.

दुसरीकडे आपले 'दिनविशेष'. दाराशी काचेचं कपाट, आत तीन-चार चरित्रं, वर तसबीर, तसबिरीला हार. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. एखाद्या मुलाने पुस्तक मागितलंच तर मी म्हणायची, "उद्या ने, आज मांडलंय." उद्या त्याला आठवत नसे आणि मलाही.

यंदा कपाट बंद. संगणक कक्षातून भंगारात निघालेलं लांब टेबल शिपाई मामांनी वर आणून दिलं. त्यावर जुन्या बाकांच्या फळ्यांच्या तीन पायऱ्या ठोकल्या. देवघेवीच्या काउंटरकडे जायच्या वाटेतच ठेवलंय, म्हणजे त्याला वळसा घातल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येणार नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "वाटेत येतंय हो ते." म्हटलं, तेवढ्याचसाठी.

नियम दोनच. टेबलावरचं पुस्तक लगेच घरी नेता येईल. आणि प्रत्येक मांडणीत कोऱ्या पट्टीची किमान तीन पुस्तकं असतील.

१९ जून, गुरुवार

उद्या पालख्या पुण्यात. मांडणी आजच पूर्ण करायची होती, पण सकाळी पेपरात मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी. काल सोलापुरात. पालखीचं अर्धं टेबल तसंच ठेवून वरची पायरी मोकळी केली आणि त्यांची आपल्याकडे आहेत ती सगळी पुस्तकं उभी केली. तसबीर नाही, हार नाही, फक्त एक कार्ड: 'आयुष्य जंगलात काढलं आणि तिथले शब्द मराठीत आणले.' मधल्या सुट्टीत दोन गेली. संध्याकाळपर्यंत पायरीवर एकच उरलं. ते एकटं उभं राहीना, सारखं पडत होतं, म्हणून आडवं ठेवलं.

२३ जून, सोमवार

पालखीच्या मांडणीतली गंमत मला कपाटं धुंडाळताना कळली. पुस्तकं विषयाच्या क्रमांकाप्रमाणे लागतात, त्यामुळे अभंग ८९१.४६१ मध्ये, संतांची चरित्रं ९२० मध्ये, वारीची वर्णनं कुठे २९४.५ मध्ये तर कुठे प्रवासात. दिंडीतले लोक चार वेगवेगळ्या कपाटांत. वर्गीकरणाचा इलाज नाही, पण टेबलावर ती पहिल्यांदाच एकमेकांशेजारी आली.

पुस्तक कपाटातून काढलं की तिथे शोधणारा फसतो, म्हणून त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी ठेवायला सुरुवात केलीय: 'मी टेबलावर आहे.' पाचवीतल्या एकाने एका पट्टीवर खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'मग तू कोण?'

मागच्या भिंतीवर नकाशा आणि लोकरीचे दोन धागे. एक आळंदीहून दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असा. दुसरा देहूहून यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असा. दोन्ही वाखरीला भेटतात. शनिवारपर्यंत एक टाचणी भवानी पेठेत पालखी विठोबापाशी होती आणि दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. कालच्या रविवारी पालख्या निघाल्या, त्यामुळे आज सकाळी टाचणी कोण पुढे सरकवणार यावरून भांडण. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझं आजोळ तरडगाव. ती टाचणी माझी." दिली. टाचणी सरकवायला येणारा पुस्तक हाताळल्याशिवाय जात नाही, हे आज दिवसभर बघितलं. नुसत्या मांडणीला लोक एकदा येतात. रोज काहीतरी हलत असेल तर रोज येतात.

७ जुलै, सोमवार

काल एकादशी झाली. नकाशा उतरवला. कोऱ्या पट्टीची पाच ठेवली होती, तीन गेली. विहिरीचं गेलं नाही. पालखीत ते ठेवायचं कारण म्हणजे दिंडीचा मुक्काम आणि पाणी, असं मीच ओढूनताणून जमवलं होतं. मुलांना ओढाताण बरोबर कळते.

१९ जुलै, शनिवार

आजची तारीख शासनाच्या जयंतीच्या यादीत नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे रोजी पुण्यात गेले तेव्हा शाळेला सुट्टी होती आणि मुलांशी त्याबद्दल काही बोलणंच झालं नाही. आज त्यांचा जन्मदिवस, १९३८ चा, कोल्हापूरचा. आपल्या मुलांना 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली एक सहल एवढंच माहीत. ती संस्था १९८८ साली उभी करणारा माणूस मराठीत विज्ञानकथा लिहायचा, हे अर्ध्या नववीला नवीन होतं.

कार्डावर पदव्या आणि पुरस्कार लिहिले नाहीत. एकच गोष्ट लिहिली: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. आणि पहिलं बक्षीस मिळालं. हे वाचून मुलं दिवसभर स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नावं शोधत बसली होती.

त्यांच्याकडे सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन, त्याखाली सही मिळेल. म्हणून पोस्टातून पंचवीस पोस्टकार्डं आणून टेबलावर ठेवली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं, यावर मोठ्या बाईंचाही विश्वास बसला नाही. प्रश्न विज्ञानाच्या सरांना जातील, ते उत्तर लिहून पोस्टाने त्या मुलाच्या घरी पाठवतील. सर हो म्हणालेत. पंचवीस हा आकडा त्यांना नंतर कळला.

दमट हवेने त्रास मांडलाय. पुस्तक दर्शनी बाजूने उभं ठेवलं की दोन दिवसांत कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. संध्याकाळी सगळी आडवी करून वर शब्दकोश ठेवायचे, सकाळी पुन्हा उभी. वीस मिनिटं जातात. आतल्या रांगेतल्या दोन पुस्तकांत कसर सापडली. ती बाजूला काढली, कपाटात डांबरगोळ्या टाकल्या, आता माझ्याच पदराला तो वास येतोय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ग्रंथपाल दिन. शि. रा. रंगनाथन, जन्म १८९२. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांचं त्यांचं पुस्तक १९३१ चं. दरवर्षी हे पाच सिद्धांत मी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी ते कोणी वाचत नाही. यंदा प्रत्येक सिद्धांत वेगळ्या कार्डावर लिहून टेबलावर नाही, तर जिथे लागू पडतो तिथे लावला. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे दारापाशी, म्हणजे ओघानेच जुन्या काचेच्या कपाटावर आलं.

आठवीतला एक मुलगा उभा राहून वाचत होता. मग कपाटाकडे बघून म्हणाला, "मग ह्याला कुलूप का?"

आत गेल्या वर्षीची चार चरित्रं होती. मी जूनमध्ये कपाट वापरायचं बंद केलं, पण रिकामं केलंच नव्हतं. किल्ली शोधायला पर्स उपसावी लागली. जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळीने मांडणीला बांधून ठेवत, ते मी त्याला ऐटीत सांगणार होते. सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. कार्डावर लिहिलं होतं, 'श्रावण अमावास्या: बैलपोळा.' तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, सातवीतला मुळशीकडचा मुलगा म्हणाला, "बाई, हे चूक आहे. आमचा पोळा भादव्यात." शेजारचा परभणीचा, त्याचे वडील इथे बांधकामावर, तो म्हणे, "येडा आहे का, आज आहे पोळा. आत्ता आईने फोन लावला होता गावाला." मागून सातारची मुलगी: "आमच्याकडे पोळा नसतोच. बेंदूर असतो, तो आषाढातच झाला."

तिघांचंही बरोबर आहे. मराठवाड्या-विदर्भात श्रावणी अमावास्येला, पुणे जिल्ह्यात बऱ्याच गावी भाद्रपद अमावास्येला, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर. मलाही यातलं दीड माहीत होतं. कार्ड काढलं आणि कोरा कागद लावला: 'तुमच्या गावात बैलांचा सण कधी? काय म्हणतात?' सुटेपर्यंत कागद भरला. एकाने लिहिलंय, 'आमच्या गावात आता ट्रॅक्टरला हार घालतात.'

पण टेबलावर पुस्तकं किती होती? ६३६.२ मध्ये गुरांवरचं एक, दोन कथासंग्रह, सणांवरची तीन, आणि ती तिन्ही एकमेकांवरून उतरवल्यासारखी. मुलांकडे सांगायला इतकं आणि आपल्याकडे वाचायला इतकं कमी. खरेदीच्या वहीत नोंद केली. विहिरीचं पुस्तकही ठेवलं होतं. मोटेला बैल असतात, हे कारण यावेळी रास्त होतं. मुळशीवाल्याने उचललं, चित्रं बघितली, ठेवलं. म्हणाला, "आमच्या शेतात अशी विहीर आहे, पण तिच्यात मोटर आहे."

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. पुण्यात या विषयावर कार्ड लिहायचं म्हणजे हात राखून लिहायचं. सार्वजनिक उत्सव १८९२ चा की १८९३ चा, भाऊसाहेब रंगारींचा की टिळकांचा, हा वाद २०१७ मध्ये शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या वेळी कसा पेटला होता ते सगळ्यांना आठवतंय. माझ्या वर्गात दोन्ही बाजूंच्या मंडळांचे कार्यकर्ते आहेत, वय वर्षं तेरा. मी कार्डावर प्रश्न लिहिला, 'सुरुवात कोणी केली?' आणि दोन वेगळं सांगणारी पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवली. दोन्ही पहिल्या तासाला गेली. दोघंही उलट बाजूचं घेऊन गेले. चुका काढायला, असं कळलं.

खरी कमाई वेगळीच. एकवीस पत्रींची यादी लावून खाली वनस्पती ओळखायचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं होतं, कोऱ्या पट्टीचं. मोगरा आणि मालती वेगळी का, अर्क म्हणजे रुईच का, यावरून मुली त्याच्यावर तुटून पडल्या. पट्टीवर आज एका दिवसात तीन नावं राखून ठेवली गेली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलामांचा जन्मदिवस. वरून सूचना आली: सर्व वर्ग मैदानात, एक तास वाचन, फोटो, वाचलेल्या पुस्तकांची संख्या भरायची. आठशे मुलं उन्हात मांडी घालून बसवली. फोटो काढणाऱ्याने हाक दिली, "पुस्तक छातीपाशी, कव्हर पुढे!" म्हणजे एक तास मुलांनी पुस्तकं धरली, वाचली नाहीत. कव्हर पुढे असेल तर पानं कोणाला दिसणार? संख्येच्या रकान्यात काय भरायचं ते मी विचारलं. 'मुलं तितकी पुस्तकं,' असं उत्तर मिळालं.

जाऊ दे. संध्याकाळी टेबल दिवाळी अंकांचं केलं, कारण उद्यापासून सुट्टी. का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली, एवढंच कार्ड. मुलांचे अंक, गेल्या पाच वर्षांचे, अप्पा बळवंत चौकातून आणलेले नवे. अंकांना दाखल क्रमांक नसतो, म्हणून हवे तितके न्या म्हटलं. टेबल पावणेपाचला रिकामं. पायऱ्यांच्या फळ्यांवर जुन्या बाकांवरची कोरलेली नावं आहेत, ती आज पहिल्यांदा दिसली.

५ नोव्हेंबर, बुधवार

अंक परत येताहेत. तीनांवर चकलीचं तेल, एकावर रांगोळी. चालेल.

पक्षी सप्ताह आजपासून, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ तारखेच्या सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जूनमध्ये गेलेली पुस्तकं पुन्हा टेबलावर. ५९८ मधलं बाकी सगळं खिडकीपाशी हलवलं, कारण खिडकीबाहेर शेवग्यावर खरे पक्षी असतात. दुर्बीण एकच, पाळी लावलीय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. उद्देशिका मोठ्याने वाचून झाली. सहीसाठी टेबलाशी आलेल्या शिक्षकांपैकी दोघांनी पुस्तकं नेली. मुलं फार आली नाहीत. नागरिकशास्त्राचा वास आला असावा. पुढच्या वर्षी मूळ प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादांनी हाताने कशी लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पानं कशी सजवली, तिथून सुरू करायला हवं.

३ डिसेंबर, बुधवार

आजची नोंद लिहायला जड जातंय.

दिव्यांग दिनासाठी टेबल छान झालं होतं. अंधांच्या एका शाळेतून ब्रेलमधलं मराठीचं पुस्तक उसनं आणलं. जाड, भलं मोठं, आणि सोबत सूचना: आडवी थप्पी लावायची नाही, ठिपके दबतात, उभंच ठेवायचं. सहा ठिपक्यांच्या घरात सगळी बाराखडी. पाटी आणि टोचा पण दिला होता. टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं लिहावं लागतं, म्हणजे कागद पालटला की सुलटं वाचता येतं. मुलांनी आपापली नावं टोचली. सगळ्यांची आरशातली आली.

तेव्हा सहावीतली चाकाच्या खुर्चीवरची मुलगी खाली बघत होती. मी विचारलं, "वरची पुस्तकं बघितलीस का?" ती म्हणाली, "वर पुस्तकं आहेत?"

जूनपासून ती दर आठवड्याला येते. खालच्या पायरीवरचंच काहीतरी नेते. मला वाटायचं तिला तसलीच पुस्तकं आवडतात.

सगळे गेल्यावर मामांच्या खुर्चीत बसून टेबलासमोर गेले. सगळ्यात वरची पायरी जमिनीपासून साडेचार फुटांवर. तिथली कव्हरं ट्यूबलाइटने नुसती चमकतात, नाव वाचता येत नाही. आणि टेबल आणि काउंटर यांच्यातल्या ज्या अरुंद वाटेचं मला कौतुक होतं, तिच्यातून खुर्चीचं चाक जेमतेम जातं. मामांनी संध्याकाळीच वरची फळी उखडली. टेबल दीड हात मागे सरकवलं. पुस्तकं कमी मावतात आता, मावू देत.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सावित्रीबाईंचा जन्मदिवस, १८३१. आपल्या शाळेपासून भिडे वाडा चालत पंधरा मिनिटं. १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथे भरली. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे स्मारक व्हायचंय. मुलांनी बघितलाय तो वाडा नाही, वाड्याची जागा.

चरित्रं यावेळी मागे ठेवली. पुढे त्यांच्या कविता, कारण कवितांचं पुस्तक १८५४ सालचं आहे हे मुलींना सांगितलं की त्या थांबतात. आणि मधोमध मुक्ता साळवेचा निबंध, मोठ्या अक्षरात छापून, फुलस्केपवर. फुल्यांच्या शाळेतली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं आणि ते १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. नववीतल्या एकीने तो पूर्ण वाचला, उभ्या उभ्या, घंटा झाली तरी. मग विचारलं, "ही पुढे काय झाली?" मी म्हटलं, आपण शोधू. ती म्हणाली, "आणि हे शाळेच्या पुस्तकात का नाही?" निबंधाची प्रत मागितली, दिली. सोमवारी आणखी दहा काढायच्यात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज टेबलावर असणारच, १९१२ चा जन्म, त्यांच्याच दिवशी त्यांना बाजूला कसं करणार. पण त्यांची पुस्तकं आपल्याकडे पट्ट्या भरून भरून वापरलेली आहेत, त्यांना माझी गरज नाही.

उरलेल्या टेबलावर यंदा शब्द. आठ कार्डं, प्रत्येकावर चार-पाच शब्द, अर्थ नाही. अर्थ खालच्या पुस्तकात. एका कार्डावर: नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. मराठीच्या बाईंनाही चारातले दोनच आले. मधल्या सुट्टीत मुळशीचा मुलगा कार्डापाशी आला आणि दुसऱ्याला म्हणाला, "थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ती जागा. आमचे आजोबा अजून म्हणतात, थारोळ्यापाशी भेट. मोटर आहे तरी." खाली ठेवलेलं पिवळं पुस्तक उघडलं, आकृती सापडली. ऑगस्टमध्ये याच पोराने ते परत ठेवलं होतं. आता म्हणाला, "हे आजोबांना दाखवायचंय. नेऊ?"

एकोणचाळीस वर्षांची कोरी पट्टी. शिक्का मारला तर उमटलाच नाही, शाईची गादी सुकली होती. थेंबभर पाणी टाकून दुसऱ्यांदा मारला. तारीख जरा वाकडी आलीय.

१३ मार्च, शुक्रवार

विहिरीच्या पुस्तकाची मुदत संपून आठवडा झाला. विचारलं, तर आजोबांनी ठेवून घेतलंय. एका आकृतीत चाक चुकीचं काढलंय असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर काढून द्यायचं काम चालू आहे. पुस्तकात नको, वेगळ्या कागदावर काढा, असा निरोप पाठवला. दंड लावला नाही.